आपत्तीतील रुग्णालय आणि नायकत्वाचा प्रश्न : ‘मुंबई डायरीज’ या वेबमालिकेची चिकित्सा

सारांश :
रुग्णालय ही संस्था आणि तेथील कर्मचारी यांच्यावर आपत्तीच्या काळात येणारा ताण हा गेल्या काही वर्षांत दृश्यमाध्यमांचा महत्त्वाचा विषय बनला आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या पार्श्वभूमीवर निर्माण झालेली ‘मुंबई डायरीज’ ही हिंदी वेबमालिका या प्रकारातील एक उल्लेखनीय निर्मिती होय. प्रस्तुत लेखात या मालिकेच्या दोन्ही पर्वांची चिकित्सा केली असून, कामा रुग्णालयातील प्रत्यक्ष घटनेचे कथात्म रूपांतर करताना शुश्रूषेची जागा शल्यक्रियेने आणि समूहाची जागा एका नायकाने कशी घेतली, याचा शोध घेतला आहे. आपत्तीत एकाच व्यक्तीला नायक ठरविणारी दृष्टी पुढे एकाच व्यक्तीला आरोपी ठरविण्यास कशी पूरक ठरते, हे काही भारतीय व परदेशी कलाकृतींच्या तसेच अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील २०२१ च्या दुर्घटनेच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजशब्द : आपत्ती, रुग्णालय, शुश्रूषा, वीररस, नायकत्व, उत्तरदायित्व, वेबमालिका.

१. प्रस्तावना

रुग्णालय हे कथनाच्या दृष्टीने अतिशय सोयीचे स्थळ आहे. जन्म आणि मृत्यू तेथे एकाच छताखाली घडतात, भिन्न जातिधर्मांची व आर्थिक स्तरांची माणसे तेथे शेजारशेजारच्या खाटांवर येतात आणि प्रत्येक निर्णयाला वेळेची मर्यादा असते. त्यात भूकंप, पूर, साथ अथवा हल्ला यांसारखी आपत्ती आली की, संस्थेचे एरवी झाकलेले स्वरूप उघडे पडते. औषधांचा तुटवडा, अपुरे मनुष्यबळ, अधिकाराची उतरंड, या सर्व गोष्टी दैनंदिन व्यवहारात अंगवळणी पडलेल्या असतात. आपत्ती त्या दृश्यमान करते. दक्षिण कोरियातील दूरचित्रवाणीवर रुग्णालयीन मालिकांची जी मोठी परंपरा आहे, तिने या शक्यतेचा भरपूर उपयोग करून घेतला. २०१५ मध्ये जेटीबीसी या वाहिनीवर प्रसारित झालेली ‘डी-डे’ ही वीस भागांची मालिका सोल शहरातील काल्पनिक भूकंप आणि त्यात सापडलेले रुग्णालय यांभोवती गुंफलेली होती.

मराठी दूरचित्रवाणीवर कौटुंबिक आणि ऐतिहासिक मालिकांचे प्राबल्य राहिल्यामुळे रुग्णालय हे बहुधा अपघातानंतर नातेवाईक जमण्याचे ठिकाण, एवढ्यापुरतेच आले आहे. महाराष्ट्राच्या भूमीवरील आपत्ती आणि येथील सरकारी रुग्णालय यांना केंद्रस्थानी ठेवणारी मोठी निर्मिती आली ती हिंदीत. निखिल अडवाणी आणि निखिल गोन्साल्विस यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मुंबई डायरीज’चे पहिले, आठ भागांचे पर्व ९ सप्टेंबर २०२१ रोजी अॅमेझॉन प्राइम व्हिडिओ या मंचावर प्रदर्शित झाले. दुसरे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर अवघ्या काही महिन्यांत आलेल्या पहिल्या पर्वाकडे आरोग्य कर्मचाऱ्यांविषयीची कृतज्ञता म्हणूनही पाहिले गेले. परंतु कृतज्ञता हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही. कोणाविषयी, कशासाठी आणि कोणाला वगळून कृतज्ञता व्यक्त झाली, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे.

२. ‘कामा’ ते ‘बॉम्बे जनरल’ : वास्तवाचे रूपांतर

मालिकेतील ‘बॉम्बे जनरल हॉस्पिटल’ काल्पनिक असले, तरी त्यामागील घटना परिचित आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून बाहेर पडलेले दोन हल्लेखोर त्या रात्री जवळच्या कामा आणि आल्ब्लेस रुग्णालयात शिरले. रुग्णालयाचे दोन पहारेकरी मारले गेले. हल्लेखोरांचा सामना करताना पोलीस अधिकारी सदानंद दाते जखमी झाले. त्यानंतर रुग्णालयालगतच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले. संपूर्ण हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. जखमींचा लोंढा सेंट जॉर्जेस, जे. जे., नायर आदी रुग्णालयांकडे वळला आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या बलिदानामुळे जिवंत हाती लागलेल्या अजमल कसाबलाही उपचारासाठी नायर रुग्णालयातच नेण्यात आले.

या तपशिलात एक बाब समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. कामा हे सर्वसाधारण रुग्णालय नाही. ते स्त्रियांचे व बालकांचे रुग्णालय आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनीच उपचार करावेत, हा त्यामागील हेतू होता. एडिथ पेची यांनी त्याची धुरा सांभाळली. डॉ. रखमाबाई यांनीही इंग्लंडहून परतल्यावर तेथे काही काळ काम केले. म्हणजे हल्ल्याच्या रात्री बंदुकीच्या समोर जी संस्था उभी होती, ती एकोणिसाव्या शतकातील स्त्रीआरोग्याच्या चळवळीचा वारसा सांगणारी संस्था होती.

त्या रात्री तेथे काय घडले, हे परिचारिका अंजली कुलथे यांनी न्यायालयात आणि पुढे डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर दृक्‌श्राव्य माध्यमातून सांगितले आहे. त्यांच्या कक्षात वीस गर्भवती स्त्रिया होत्या. हल्लेखोर आवारात शिरल्याचे खिडकीतून दिसताच त्यांनी कक्षाचे दरवाजे बंद केले, सर्व स्त्रियांना कक्षाच्या टोकाशी असलेल्या लहानशा भांडारघरात हलविले आणि जखमी झालेल्या सहकारी महिलेला अपघात विभागात पोहोचविले. त्यातच एका उच्च रक्तदाबाच्या रुग्ण स्त्रीला प्रसववेदना सुरू झाल्या. डॉक्टर कक्षापर्यंत येऊ शकत नव्हते. तेव्हा भिंतीच्या आधाराने, पायरी पायरी चढत कुलथे यांनी तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. बाहेर गोळीबार चालू असताना तेथे बाळ जन्माला आले. पुढे कसाबची ओळख पटविण्यासाठी त्या परिचारिकेच्या गणवेशात गेल्या.

या प्रसंगात शस्त्रक्रिया नाही, मोठे भाषण नाही, नियम मोडण्याचा आवेश नाही. दार लावणे, दिवे मालविणे, घाबरलेल्या बाईचा हात धरणे आणि पायऱ्या चढणे, एवढ्याच कृती आहेत. त्यांतील नाट्य मात्र कोणत्याही कल्पित प्रसंगापेक्षा कमी नाही. तरीही मालिकेने कथेचा गाभा म्हणून याची निवड केली नाही. तिने कामा रुग्णालयाचे रूपांतर सर्वसाधारण रुग्णालयात केले, प्रसूतिकक्षाच्या जागी अपघात विभाग आणला आणि केंद्रस्थानी डॉ. कौशिक ओबेरॉय (मोहित रैना) या कुशल, संतापी आणि नियमांना न जुमानणाऱ्या शल्यविशारदाची स्थापना केली. कल्पित कथेला रूपांतराचे स्वातंत्र्य असते, हे मान्यच आहे. प्रश्न स्वातंत्र्याचा नसून त्याच्या दिशेचा आहे.

३. युद्धवीर आणि दयावीर

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न अधिक नेमकेपणाने मांडता येतो. भरताने नाट्यशास्त्रात वीररसाचे दानवीर, धर्मवीर व युद्धवीर असे तीन प्रकार मानले. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात त्यांत दयावीराची भर पडलेली दिसते. चारही प्रकारांचा स्थायीभाव उत्साह हाच आहे. याचा अर्थ असा की, दया ही दुबळी किंवा केवळ करुणरसाला पोषक भावना नाही. ती सुद्धा उत्साहाचेच, म्हणजे कृतिप्रवण धैर्याचे रूप होऊ शकते. आपत्तीतील शुश्रूषा हा दयावीराचा उत्तम आविष्कार ठरावा.

‘मुंबई डायरीज’ मात्र वैद्यकीय सेवेला युद्धवीराच्या साच्यात बसविते. अपघात विभाग ही रणभूमी, शल्यविशारद हा सेनानी, प्रशिक्षणार्थी डॉक्टर हे नवखे सैनिक आणि मृत्यू हा शत्रू, अशी रूपकयोजना सर्व भागांतून जाणवते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची अस्थिरता, अरुंद मार्गिकांतून पात्रांच्या पाठीमागे धावणारी दीर्घ दृश्ये आणि सतत वाढणारा ध्वनीचा दाब या तंत्रांमुळे ती परिणामकारकही होते. एका रात्रीच्या चौकटीत कथानक बांधल्यामुळे प्रेक्षकाला उसंत मिळत नाही आणि सरकारी रुग्णालयातील साधनांची टंचाई ही माहिती न राहता अनुभव बनते. मालिकेचे हे यश नाकारता येणार नाही.

पात्रयोजनेतही काही जमेच्या बाजू आहेत. दिया पारेख, अहान मिर्झा आणि सुजाता अजावले हे तीन प्रशिक्षणार्थी कामाच्या पहिल्याच दिवशी या संकटात सापडतात. तिघांची सामाजिक पार्श्वभूमी हेतुतः भिन्न ठेवली आहे. मृण्मयी देशपांडे यांनी साकारलेल्या सुजाताच्या बोलण्यातला संकोच आणि कामातली जिद्द यांमुळे वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचण्यासाठी काहींना किती अंतर कापावे लागते, याचे भान येते. सामाजिक सेवा विभाग सांभाळणाऱ्या चित्रा दास (कोंकणा सेन शर्मा) यांच्या व्यक्तिरेखेत तर मालिकेने दयावीराच्या जवळ जाणारी शक्यता निर्माण केली होती. घरगुती हिंसाचाराची जखम वागविणारी ही स्त्री इतरांच्या सुरक्षिततेसाठी पुढे होते, तेव्हा धैर्य आणि भय ही परस्परविरोधी नसतात, हे सूचित होते.

परंतु ओबेरॉय, चित्रा, प्रशिक्षणार्थी आणि पत्रकार मानसी हिरानी यांच्या खासगी आयुष्याला जेवढी जागा मिळते, तेवढी परिचारिका, आया, कक्षसेवक आणि पहारेकरी यांना मिळत नाही. चेरियन सिस्टर (बालाजी गौरी) ही मुख्य परिचारिका प्रसंगोपात्त लक्ष वेधून घेते, पण कथानकाला वळण देणारा निर्णय बहुधा डॉक्टरचाच असतो. परिचारिकेचे काम हे त्या निर्णयाची अंमलबजावणी, अशी मांडणी होते. वास्तवात कामा रुग्णालयातील त्या कक्षात निर्णयही परिचारिकेचाच होता. डॉक्टर येऊ शकत नव्हते, म्हणूनच तो तिचा होता. मालिकेने ही परिस्थिती उलटी केल्यामुळे हरवले ते एक पात्र नव्हे, तर निर्णयक्षमतेचे एक वेगळे रूप हरवले.

कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ या ग्रंथातून काळजी आणि नातेसंबंध यांवर आधारलेल्या नैतिकतेची जी मांडणी केली, तिचे येथे स्मरण होते. तत्त्वांच्या संघर्षात सर्वश्रेष्ठ तत्त्व निवडणे ही नैतिकतेची एक रीत आहे. समोरच्या माणसाची गरज ओळखून त्याच्यापासून दूर न जाणे ही दुसरी. दहशतवाद्यावर उपचार करावेत की पोलीस अधिकाऱ्यावर, या पेचात मालिका पहिल्या रीतीचे नाट्य रंगविते. दुसरी रीत तिच्या नजरेच्या कडेला राहते.

मराठी समाजाच्या स्मृतीत ही दुसरी रीत अनोळखी नाही. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळील उपचारकेंद्रात रुग्णांची सेवा केली आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या डॉक्टर नव्हत्या. रुग्णाला उपचारापर्यंत आणणे हेच त्यांचे कार्य होते. एवढा जवळचा आदर्श उपलब्ध असताना दृश्यमाध्यमाला पुन्हा पुन्हा शल्यविशारदच नायक म्हणून सापडावा, ही सांस्कृतिकदृष्ट्या विचार करण्याजोगी बाब आहे.

४. दुसरे पर्व : पूर आणि खटला

दुसऱ्या पर्वात मुंबईवर अतिवृष्टीचे संकट कोसळते. प्रेक्षकाला अर्थातच २६ जुलै २००५ ची आठवण होते. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. मालिकेने हा पूर हल्ल्यानंतरच्या काळात आणून इतिहासाचा क्रम बदलला आहे. दोन आपत्ती एकाच कर्मचारीवर्गावर लागोपाठ याव्यात, ही कथेची गरज म्हणून हा बदल समजून घेता येतो.

त्यामुळे एक मर्यादा मात्र निर्माण झाली आहे. पूर ही हल्ल्यासारखी काही तासांत संपणारी घटना नसते. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, अतिसार यांचे रुग्ण वाढले आणि रुग्णालयांची खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर सुरू झाली. हे संथ, कंटाळवाणे, दिवसामागून दिवस चालणारे काम एका दिवसाच्या चौकटीत मावत नाही. आपत्ती म्हणजे स्फोट, धावपळ आणि अंधार, असे समीकरण त्यातून अधिक घट्ट होते.

या पर्वातील सर्वांत विचारप्रवर्तक धागा खटल्याचा आहे. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख अनंत केळकर यांच्या मृत्यूस डॉ. ओबेरॉय जबाबदार आहेत, दहशतवाद्याचे प्राण वाचविताना त्यांनी अधिकाऱ्याकडे दुर्लक्ष केले, असा आरोप ठेवला जातो. पहिल्या पर्वात ज्याला तारणहार म्हणून उभे केले, त्यालाच दुसऱ्या पर्वात आरोपीच्या पिंजऱ्यात पाहावे लागते. सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेल्या केळकरपत्नीच्या दुःखामुळे हा संघर्ष एकेरी राहत नाही.

मात्र मालिका ज्या प्रश्नाच्या दारापर्यंत पोहोचते, त्याच्या आत शिरत नाही. एका रात्रीत शेकडो जखमी आले असता एका रुग्णाच्या मृत्यूची जबाबदारी एका डॉक्टरची कशी? त्या रात्री रक्त किती उपलब्ध होते, शस्त्रक्रियागृहे किती होती, इमारतीचे संरक्षण कोणाकडे होते? हे प्रश्न संस्थेला विचारावयाचे आहेत. मालिका मात्र ओबेरॉय यांच्या अंतःकरणातील अपराधभाव आणि त्यातून होणारी सुटका यांवर स्थिरावते. याचे मूळ पहिल्या पर्वाच्या रचनेतच आहे. सर्व श्रेय ज्या एका खांद्यावर ठेवले, त्याच खांद्यावर सर्व दोष येऊन पडणे क्रमप्राप्त होते. नायक आणि बळीचा बकरा ही दोन पात्रे एकाच दृष्टिकोनातून जन्माला येतात.

५. अन्य कलाकृतींचा तौलनिक विचार

या दृष्टिकोनाला पर्याय उपलब्ध आहेत. ‘डी-डे’ या उपरोक्त कोरियन मालिकेतही रुग्णासाठी वरिष्ठांशी भांडणारा शल्यविशारदच नायक आहे. त्या अर्थाने ती ‘मुंबई डायरीज’ची ज्येष्ठ भगिनीच म्हणावी लागेल. परंतु तिचा संघर्ष नफ्याच्या हिशोबाने चालणाऱ्या रुग्णालय व्यवस्थेशी जोडलेला आहे. २०१४ ची सेवोल नौका दुर्घटना आणि २०१५ ची मर्सची साथ यांनंतर कोरियन समाजात यंत्रणांविषयी जो अविश्वास निर्माण झाला होता, त्या काळात ही मालिका प्रसारित झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मल्याळम चित्रपटसृष्टीने अधिक मूलगामी मार्ग निवडला. महेश नारायणन यांचा ‘टेक ऑफ’ (२०१७) हा इराकमधील तिक्रीत येथे २०१४ मध्ये अडकलेल्या भारतीय परिचारिकांच्या अनुभवावर आधारलेला असून परिचारिका हीच त्याची नायिका आहे. तिचे कर्ज, तिचा विवाह आणि तिची नोकरी हे सर्व आपत्तीइतकेच महत्त्वाचे मानले आहे. आशिक अबू यांचा ‘व्हायरस’ (२०१९) हा कोळिकोड परिसरातील २०१८ च्या निपाह साथीवरील चित्रपट तर एकही नायक मानत नाही. डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी, जिल्हा प्रशासन आणि संसर्गाची साखळी शोधणारे अभ्यासक यांच्या लहान लहान कृतींच्या जोडणीतून त्याचे कथानक उभे राहते. त्या साथीत लिनी या परिचारिकेचा मृत्यू झाला होता. चित्रपटात तिच्यावरून बेतलेले पात्र आहे, पण तिला देवत्व देऊन वेगळे काढलेले नाही. ती साखळीतील एक कडी आहे आणि म्हणूनच तिचे जाणे साऱ्या साखळीला जाणवते.

उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर ‘फाइव्ह डेज अॅट मेमोरियल’ (२०२२) या अमेरिकन मालिकेचा उल्लेख आवश्यक ठरतो. मुंबईच्या महापुरानंतर जेमतेम महिन्याने, ऑगस्ट २००५ मध्ये, कॅटरिना चक्रीवादळामुळे न्यू ऑर्लिन्स येथील एक रुग्णालय पाण्याने वेढले गेले. वीज गेली, मदत लांबली आणि नंतर तेथे ४५ मृतदेह आढळले. २००६ मध्ये एका महिला डॉक्टरला व दोन परिचारिकांना अटक झाली. २००७ मध्ये ज्यूरीने त्या डॉक्टरवर आरोप निश्चित करण्यास नकार दिला. शेरी फिंक यांच्या ग्रंथावर आधारित ही मालिका व्यक्तीच्या वर्तनाला प्रश्न विचारतेच, पण बंधारे, जनित्रे, मालक कंपनीची आपत्कालीन योजना आणि शासनाची दिरंगाई यांनाही साक्षीसाठी बोलाविते. ‘मुंबई डायरीज’च्या दुसऱ्या पर्वात जे नाही, ते नेमके येथे आहे.

६. स्थानिक संदर्भ : प्रतिमा आणि वास्तव

हा विचार केवळ कलाकृतींपुरता मर्यादित ठेवता येत नाही. ‘मुंबई डायरीज’चे पहिले पर्व प्रदर्शित झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. किमान ११ रुग्णांचा त्यात मृत्यू झाला. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पोलिसांनी एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना अटक केली. परिचारिकांच्या संघटनांनी या अटकेचा निषेध केला. त्याच वर्षी ९ जानेवारी रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला होता. तेथेही कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या.

एखाद्या व्यक्तीकडून कर्तव्यात कसूर झाली किंवा नाही, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. ज्यांची माणसे गेली त्यांचा न्यायाचा हक्कही निर्विवाद आहे. समीक्षेचा प्रश्न निराळा आहे. विजेच्या वाहिन्या, अग्निशमन व्यवस्था, त्यांचे लेखापरीक्षण, त्यासाठीचा निधी आणि मंजुरी यांची लांबलचक साखळी असताना जनमानसाच्या नजरेसमोर प्रथम खाटेजवळ उभी असलेली व्यक्तीच का येते? याचे एक कारण आपल्या कथांच्या सवयीत आहे. ज्या कथा रुग्णालयाला एका माणसाच्या पराक्रमाची जागा म्हणून दाखवितात, त्या नकळत प्रेक्षकाला असेही शिकवितात की, अपयशही एका माणसाचेच असते. २०२० मध्ये ज्यांच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या गेल्या, त्याच वर्गातील काही जणी पुढच्या वर्षी पोलीस कोठडीत होत्या. या दोन दृश्यांत विरोध वाटतो, परंतु ती एकाच मनोवृत्तीची दोन टोके आहेत.

श्रीगोंदा, कर्जत, जामखेड यांसारख्या तालुक्यांतील सामान्य कुटुंबासाठी ग्रामीण रुग्णालयापुढची पायरी म्हणजे जिल्हा रुग्णालय. खासगी रुग्णालयाचा खर्च न पेलणाऱ्यांसाठी पुष्कळदा तीच शेवटची पायरी असते. अशा संस्थेविषयी समाज कोणत्या कथा सांगतो आणि ऐकतो, याला म्हणूनच महत्त्व आहे. नायकाची वाट पाहणारा समाज पुरेशा परिचारिका, चालू स्थितीतील जनित्र आणि उघडणारे आपत्कालीन दार यांची मागणी करावयास विसरतो.

७. निष्कर्ष

१. ‘मुंबई डायरीज’ ही सरकारी रुग्णालयातील ताण, टंचाई आणि सामाजिक विविधता यांचे प्रत्ययकारी चित्रण करणारी महत्त्वाची मालिका आहे. तिच्या तांत्रिक सफाईमुळे रुग्णालय हे स्थळ भारतीय मालिकाविश्वात प्रथमच इतक्या ठसठशीतपणे उभे राहिले.

२. स्त्रियांच्या व बालकांच्या रुग्णालयातील घटनेचे सर्वसाधारण रुग्णालयात आणि परिचारिकेच्या निर्णयाचे शल्यविशारदाच्या पराक्रमात रूपांतर केल्यामुळे मूळ घटनेतील दयावीराचा आशय युद्धवीराच्या आशयाखाली दबला गेला.

३. एकनायकी रचनेमुळे दुसऱ्या पर्वातील उत्तरदायित्वाचा प्रश्न व्यक्तीच्या अपराधभावापुरता उरला. संस्थेची, प्रशासनाची आणि धोरणाची चिकित्सा होऊ शकली नाही.

४. ‘टेक ऑफ’, ‘व्हायरस’ यांसारख्या भारतीय चित्रपटांनी समूहकेंद्री व शुश्रूषाकेंद्री कथन कलात्मकदृष्ट्या शक्य आणि रंजक असल्याचे सिद्ध केले आहे. तेव्हा प्रेक्षकांना नायकच हवा असतो, हे समर्थन टिकणारे नाही.

५. कामा रुग्णालयातील ती रात्र, प्लेगच्या काळातील सेवाकार्य आणि कोविडकाळातील रुग्णालयीन अनुभव हे मराठी लेखक-दिग्दर्शकांसमोरील समृद्ध कथाद्रव्य आहे. वीस गर्भवती स्त्रियांना अंधाऱ्या भांडारघरात सांभाळणाऱ्या परिचारिकेची कथा तिच्या स्वतःच्या भाषेत, तिच्याच दृष्टिकोनातून सांगितली जाणे अद्याप बाकी आहे. ती सांगितली गेल्यास आपत्तीतील धैर्याची आपली कल्पना व्यापक होईल आणि दोष कोणाचा, हा प्रश्न विचारतानाही समाजाची नजर खाटेजवळच्या एका माणसापाशी न थांबता त्यामागील यंत्रणेपर्यंत पोहोचेल.